टेकडीवरचा जुना टाइम

“अकरा जण खोटारडे निघाले,” डॉक्टर सेब्ती म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावरून रकियाकडे सरकवला. “अकराच्या अकरा एकाच टेकडीवरचे. कुंभार.”

रकियाने कागद उचलला नाही. तिच्या हातात तेव्हा एका बाईची पट्टी होती, पू लागलेली. ती आधी डब्यात टाकावी लागते, हात धुवावे लागतात, मग कागद. राजधानीतून महिन्यातून एकदा गाडीने येणाऱ्या माणसाला हे कळायचं कारण नव्हतं.

“कसले खोटारडे, डॉक्टरसाहेब?”

“रोजा मोडलाय त्यांनी. बांगेच्या एक तास आधी खाल्लंय, रोज. आणि वहीत अंगठे उठवलेत बांगेसोबत खाल्लं म्हणून. मी तर सांगितलं होतं, तुमच्या पायांची अवस्था बघता रोजे धरूच नका. धरले! धरले ते धरले, वर खोटं. एक तास भूक आवरत नाही या लोकांना.”

रकियाने हात धुतले, पुसले आणि कागद वाचला. चौथं नाव बुशैबचं होतं.

साफी शहरातल्या सरकारी दवाखान्यात रकिया सव्वीस वर्षं नर्स होती, त्यातली बावीस ड्रेसिंगच्या खोलीत. साखरेने सडलेले पाय ज्या खोलीत येतात ती ही. बाकीच्या नर्सा दारातूनच नाक धरून बोलायच्या. बावीस वर्षांत कुणी मोठ्या माणसाने तिथे खुर्ची घेऊन बसल्याचं तिला आठवत नव्हतं. मग गेल्या वर्षी हा अभ्यास आला. साखरेच्या साठ रोग्यांच्या दंडाला नाण्याएवढी चकती चिकटवायची. चकती रात्रंदिवस साखर मोजणार आणि आकडे खिशातल्या मीटरमध्ये साठवणार. रोग्यांनी रोजचं खाणंपिणं वहीत नोंदवायचं. रमजानचा महिना संपला की वही आणि मीटर ताडून बघायचे. ज्यांचं जुळेल ते भरवशाचे. त्यांच्या पायाची चोंदलेली धमनी नव्या औषधी फुग्याने उघडायची, फुकटात. बाहेर त्या फुग्याला जेवढे दिरहम पडतात तेवढ्यात टेकडीवर एखादं घर येईल.

आणि रकियाला एक यंत्र मिळालं होतं. मुठीत मावेल एवढं डॉपलर. पेन्सिलसारखा दांडा पायावर टेकवला की आतलं रक्त ऐकू येतं. त्यावर चिकटपट्टी लावून कुणीतरी तिचं नाव लिहिलं होतं. सरकारच्या कुठल्याही वस्तूवर तिचं नाव पहिल्यांदाच आलं होतं. दवाखान्यात तिला सगळे ‘रेडिओवाली’ म्हणायला लागले. ती रागवायची नाही. साखरेच्या म्हाताऱ्यांच्या नसा चुन्याने कडक होतात, पट्टा आवळला तरी दबत नाहीत, त्यामुळे घोट्याचं प्रेशर छान येतं आणि छान खोटं येतं. आवाज मात्र फसवत नाही. नुसता कान लावून ती सांगायची की ह्या पायाचं बोट राहील आणि त्याचं जाईल. डॉक्टर सेब्तींनी एकदा तिचे अंदाज पायाच्या अंगठ्याच्या प्रेशरशी ताडून पाहिले. साठपैकी सत्तावन्न बरोबर होते. त्यांनी ते लिहून घेतलं. तिचं नाव लिहून घेतलं नाही.

“बुशैब खोटं बोलणार नाही,” ती म्हणाली.

“मी नाही, कॉम्प्युटर म्हणतोय.” त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. “ही बांगेची वेळ, सहा चाळीस. ही त्याची साखर. पाच चाळीसला चढायला लागते. एकोणतीसच्या एकोणतीस दिवस. दीडला माझी गाडी निघते, यादी बरोबर जाणार. त्या अकरा जणांना मेसेज पाठवून दे.”

“त्यातल्या नऊ जणांना वाचता येत नाही.”

“मग?”

“मग मी जाते.”

“दीडच्या आत सह्यांना परत ये,” डॉक्टर म्हणाले आणि दुसऱ्या कागदाकडे वळले.

*

टेकडीवर जायला रकियाने तीनचाकी केली. मागच्या उघड्या हौद्यात ती मातीच्या पोत्यावर बसली. चालवणारा हमाद, बुशैबचा पुतण्या, सगळा चढ तोंडाची टकळी चालू ठेवून होता. इथे बाईला मानाने ‘लल्ला’ म्हणतात, पुरुषाला ‘सी’. “लल्ला रकिया, काकाचा पाय कधी उघडताय? काकी म्हणते, पाय बरा झाला की पहिली लाथ तुलाच घालायला लावते.” ती हसली नाही. 

 बुशैबच्या उजव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट काळं पडलं होतं. तिने कान लावून ऐकलेला त्या पायाचा आवाज म्हणजे दूर कुणीतरी दाराआड कुजबुजावं तसा. फुगा मिळाला नाही तर दोन महिने, फार तर तीन. मग गुडघ्याखाली करवत. आणि तो उजवा पाय म्हणजे त्या माणसाचा सगळा धंदा. टेकडीवरचे म्हातारे कुंभार अजून पायाने चाक फिरवतात. वरच्या चाकावर माती, खाली जाड लाकडी चकरी, आणि उजव्या तळव्याने तिला लाथ मारत राहायचं, पन्नास वर्षं.

बुशैब आपल्या खळग्यात बसला होता, अर्धा जमिनीत, कमरेएवढ्या खड्ड्यात, चाकासमोर. आता पाय मारवत नाही म्हणून नुसताच बसला होता, हाताने झाकणांच्या मुठी वळत.

“ये पोरी, ये. महजूबा! रकिया आलीय. चहा टाक. तिचा साखरेचा टाक, माझा भिकार टाक.”

“चहा नको, सी बुशैब. ऐका.”

तिने सांगितलं. फिरवून सांगायची तिला सवय नव्हती. बावीस वर्षं लोकांना बोट जाणार, पाय जाणार हे सांगून तिचं बोलणं सरळ झालं होतं. यादीतून नाव गेलं. फुगा नाही. कारण म्हणे तुम्ही बांगेच्या तासभर आधी खाल्लंत, महिनाभर.

म्हातारा हातातली मूठ वळायचा थांबला.

पाय जाणार हे त्याने जणू ऐकलंच नाही. “मी रोजा मोडला?” तो म्हणाला. आवाज एवढा लहान की रकियाला दांडा टेकवून ऐकावा असं वाटलं. “बारा वर्षांचा असल्यापासून... भट्टीपुढं उभा राहून धरलेत मी रोजे, ऑगस्टात. जीभ टाळूला चिकटायची. आता त्र्याहत्तराव्या वर्षी मी एका खजुरासाठी चोरी करीन?”

महजूबा चहाची किटली घेऊन दारात आली होती. तिने ती तिथेच खाली आदळली. “कोण म्हणतो? नाव सांग. मी जाते खाली. माझ्या हातचं हरीराचं कढण पिऊन रोजा सोडलाय ह्यानं, मी बांग संपेपर्यंत वाडगा हाताशी धरून ठेवायची, चटका बसायचा मला! आणि तो कोण टिकोजी?”

“डॉक्टर नाही गं, यंत्र म्हणतंय.”

“मग त्या यंत्राच्या थोबाडात मार!”

“जाऊ दे महजूबा,” म्हातारा म्हणाला. “रकिया, त्यांना सांग पाय कापा. पण तो कागद फाडा. तो कागद राहिला तर माझ्या मयताला टेकडीवरचं कोण येईल?”

रकियाला संताप आला. हा माणूस पाय द्यायला तयार होता आणि तिकडे खुर्चीत बसून कुणी म्हणत होतं की ह्यांना एक तास भूक आवरत नाही. ज्याने पायाला धोका आहे हे ऐकूनही रोजे धरले, त्यालाच रोजा चोरल्याचा डाग. वेडेपणा म्हणा हवं तर, तिनेही त्याला रमजानाआधी वेडा म्हटलं होतं. पण चोर?

“मला निघायला हवं,” ती म्हणाली. “सव्वाअकरा झाले. दीडला त्यांची गाडी.”

“सव्वादहा,” महजूबा म्हणाली.

“काय?”

“सव्वादहा झालेत. अकरा तुमच्या सरकारचे.” तिने भिंतीकडे हनुवटी केली. मातीने माखलेलं गोल घड्याळ होतं. दहा वाजून पंधरा मिनिटं.

रकिया घड्याळाकडे बघत राहिली.

टेकडीवर हे सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून कुणाच्याच ध्यानात राहत नव्हतं. काही वर्षांपूर्वी सरकारने सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढे नेली आणि पुढेच ठेवली. फक्त रमजानचा एक महिना ती मागे आणतात, ईद झाली की पुन्हा पुढे. खाली शहरात शाळा, दवाखाने, बँका निमूट पुढेमागे झाल्या. टेकडीने घड्याळाला हात लावला नाही. माती उन्हाने वाळते, भट्टी वाऱ्याने पेटते, बांग सूर्याने होते, मंत्र्याच्या सहीने ह्यातलं काय हललं? बाराही महिने टेकडीवर जुना टाइम.

“सी बुशैब,” रकिया म्हणाली, “तुमचं मीटर कुठंय?”

“फळीवर. का?”

मीटर फळीवर होतं, दोन सुरयांच्या मध्ये. तिने बटण दाबलं. कोपऱ्यात बारीक आकडे उमटले. १०:१६. तिने खिशातला मोबाइल काढला. ११:१६.

तिने दोन्ही पडदे शेजारीशेजारी धरून पुन्हा वाचले. तिला शाबान महिना आठवला. रमजानाच्या आधीचा. ह्याच खड्ड्याच्या काठावर बसून तिने हे मीटर त्याच्या हातात दिलं होतं, आणि त्याने आधी मीटरकडे, मग भिंतीकडे बघून ते परत केलं होतं. “हे घे. हे लबाड आहे. जे साधी वेळ खरी सांगत नाही त्याचं साखरेचं मी का खरं मानू?” आणि ती हसली होती. दोन बटणं दाबून तिने घड्याळ एक तास मागे नेलं होतं. म्हाताऱ्याचा जीव शांत झाला होता. ते बघून शेजारची हलीमा म्हणाली होती, माझंपण कर गं. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत अकरा.

आणि अभ्यास सुरू होताना एका फ्रेंच कागदावर तिने सही केली होती. कलम सात: मीटरच्या घड्याळास हात लावू नये. रमजानचा एक तास मुख्य कार्यालय स्वतः वजा करेल.

“वजा केला!” ती ओरडली.

महजूबा दचकली. “काय वजा केलं?”

“एक तास! मी आधीच मागं केलेलं, त्यांनी अजून मागं केलं! तुम्ही सहा चाळीसला खाल्लंत, मीटरनं सहा चाळीसच लिहिलं, आणि राजधानीतल्या त्या यंत्रानं त्याचे पाच चाळीस केले! सगळ्यांचाच तास वजा करायचा म्हणून! तुम्ही बांगेवरच खाल्लंत, सी बुशैब! बांगेवरच!”

म्हातारा तिच्याकडे बघत होता. “हे मला माहीतच होतं,” तो म्हणाला. “ओरडतेस काय?”

*

मग टेकडीवर जे झालं ते बघण्यासारखं होतं. रकियाला एक मीटर पुरणार नव्हतं. एक मीटर म्हणजे एका म्हाताऱ्याची चूक म्हणून डॉक्टर हात झटकणार. अकरा हवेत. “अकराच्या अकरा,” ती म्हणाली, “एका तासात.”

महजूबा गच्चीवर गेली. तिच्या गळ्यात काय होतं देव जाणे. “हलीमाऽऽ! साखरेचं मीटर घेऊन खाली ये! अब्बासला सांग! सरकारनं आपले रोजे चोरलेत, लल्ला रकिया परत आणायला निघालीय!” पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी ते उचललं, तिथून तिसऱ्या. भट्ट्यांच्या धुरातून बायकांचे आवाज उड्या मारत गेले. पाच मिनिटांत हलीमा लंगडत आली, तिचं मीटर उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं. अब्बास आला, त्याच्या मीटरवर झिलईचा हिरवा थेंब पडलेला. एकाने मीटर कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलं होतं, नातवंडं हात लावतात म्हणून. एकीने ते नवऱ्याच्या कबरीवर नेलं होतं आणि तिथेच विसरली होती. तिचा जावई धावत गेला आणि धावत आला.

“दहा,” रकियाने मोजले. “अकरावं?”

“मुस्ताफाचं. तो समुद्रावर गेलाय.”

“मीटर घेऊन?”

“मीटर घरात. किल्ली त्याच्याकडं.”

हमादने तीनचाकी चालूच ठेवली होती. तो उतरला, मुस्ताफाच्या दाराशी गेला, कडीला हात घातला आणि खांद्याने एक धक्का दिला. बिजागरी सुटली. “मुस्ताफाला सांगा दार मी करून देतो,” तो म्हणाला. “लल्ला रकिया, बसा.”

मीटर कशात न्यायचे? पिशवीत एकमेकांवर आपटतील. बुशैबने खड्ड्यातून हात लांब करून नुकतीच भट्टीतून निघालेली कालवण शिजवायच्या ताजीनची मोठी मातीची परात पुढे केली, वरच्या शंकूसारख्या झाकणासकट. आत गवत घातलं. अकरा मीटर त्यात शेजारी शेजारी झोपले. झाकण बसलं.

“सांडू नको,” म्हातारा म्हणाला.

“सी बुशैब, एक सांगू? ह्यात माझीच चूक आहे. मी घड्याळ फिरवलं नसतं तर—”

“मी सांगितलं म्हणून फिरवलंस.”

“सही माझी होती.”

त्याने झाकण एकदा दाबून बघितलं. “मग तुझं काय करतील ते?”

“बघू,” ती म्हणाली आणि तीनचाकीत बसली. उतारावर हमादने ब्रेक नावाची गोष्ट विसरायचं ठरवलं होतं. ती दोन्ही हातांनी ताजीन पोटाशी धरून बसली, एकावन्न वर्षांची बाई, डोक्याचा रुमाल सुटलेला, आणि तिला हसू येत होतं. भीती वाटत होती आणि हसू येत होतं. सार्डिन मासळीच्या गाड्या, शाळेची पोरं, पोलीस, सगळे मागे पडत होते. तिने आयुष्यात एवढ्या घाईने काही वाहून नेलं नव्हतं. कापलेले पाय नेले होते, बादलीत, झाकून. घाईने नव्हे.

*

डॉक्टर सेब्ती जिन्यात भेटले, हातात बॅग. त्यांनी ताजीन बघितलं आणि कपाळाला आठी पडली. “लल्ला रकिया, जेवायला वेळ नाहीये.”

“जेवायचं नाही. पाच मिनिटं.”

“गाडी उभी आहे.”

“उभी राहू दे. ती गाडी आहे, तिला पाय आहेत का दुखायला?”

बावीस वर्षांत ती कुठल्या डॉक्टरशी असं बोलली नव्हती. डॉक्टर मागे फिरले. बहुधा आश्चर्यानेच. त्यांच्या खोलीत तिने ताजीन टेबलावर ठेवलं, कागदांवर, आणि झाकण उचललं.

“बटणं दाबा. कुठलंही.”

त्यांनी एक दाबलं. दुसरं दाबलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. भिंतीवर एक वाजून पाच. मीटरमध्ये बारा वाजून पाच. तिसऱ्यात बारा पाच. अकराव्यात, हिरव्या थेंबाच्या खाली, बारा पाच.

“ह्यांची घड्याळं मागे कुणी केली?”

“मी.”

“कधी?”

“शाबानमध्ये. वाटतानाच.”

“कलम सात—”

“वाचलं होतं. सही केली होती. तरी केलं. टेकडीवर जुना टाइम चालतो, डॉक्टरसाहेब. तुम्ही साठ माणसांना विचारलंत, किती खाता, किती पिता, रात्री किती वेळा उठता. तुमच्या घरातल्या घड्याळात किती वाजलेत हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं. आणि तुम्हाला सांगितलं नाही, हे माझं चुकलं. आता त्या अकरा जणांना तो एक तास परत द्या आणि बघा.”

डॉक्टर उभेच होते. बॅग हातातच होती. मग त्यांनी ती खाली ठेवली, कॉम्प्युटर उघडला आणि अकरा नावं निवडली. एक खूण काढली, एक आकडा बदलला. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. 

मग रेषा आल्या. अकरा रंगांच्या अकरा रेषा. दिवसभर खाली खाली जाणाऱ्या, भुकेने थकलेल्या, एकीला एक लागून. आणि सहा चाळीसच्या उभ्या रेघेपाशी, बांगेच्या रेघेपाशी, सगळ्या एकदम उठल्या. आधी एकही नाही. दुसरा दिवस उघडला, तसंच. दहावा. सतरावा. एका दिवशी हलीमाची रेषा दुपारीच चढली होती. डॉक्टरांनी वही काढली. त्या दिवशी हलीमाने स्वतःच खूण केली होती: साखर फार उतरली, हातपाय कापले, रोजा सोडला. तिथेसुद्धा वही आणि चकती मिनिटाला जुळत होती.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि बसले. आणखी दिवस उघडत गेले. “साठात सगळ्यांत स्वच्छ नोंदी ह्यांच्या आहेत,” ते म्हणाले, स्वतःशीच. “शहरातल्या लोकांच्या वह्या... आणि हे नुसते अंगठे...” मग त्यांचा आवाजही चढला. “हे बघ, हे बघ! पहाटेच्या सहरीनंतरची उतरण बघ, ही कुणाला इतकी साफ मिळालेली नाही अजून! लल्ला रकिया, हे बघतेयस का?”

ती बघत होती. तिला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. पण चौथी रेषा, तांबड्या मातीच्या रंगाची, तिला ओळखीची वाटत होती.

“अकरा जण परत यादीत,” डॉक्टर म्हणाले. नवा कागद छापला, सही केली. मग पेन टेबलावर आडवं ठेवलं. “पण मला हे लिहावं लागेल. यंत्राला हात लावलेला माणूस अभ्यासात राहू शकत नाही. माझ्या हातात नाहीये ते.”

“कळतं.”

“फुगे होईपर्यंत थांब. त्यानंतर.”

“लिहा,” रकिया म्हणाली. “फक्त नाव नीट लिहा. मागच्या अहवालात ‘एक नर्स’ होतं.”

*

बुशैबचा नंबर तीन आठवड्यांनी, सगळ्यांत शेवटी लागला. टेबलावर आडवा होताच त्याने आजूबाजूचे सगळे दिवे, पडदे, मास्क लावलेली माणसं बघून घेतली आणि त्यातले डॉक्टर सेब्ती हुडकून काढले.

“काय रे डॉक्टर,” तो म्हणाला, “मी खाल्लं होतं का?”

 डॉक्टरांनी मास्क खाली केला.

“नाही, सी बुशैब. बांगेसोबतच. एकोणतीस दिवस.”

“हां,” म्हातारा म्हणाला. “आता घाल तुझा फुगा.”

जांघेतून तार आत गेली. पडद्यावर धमनी म्हणजे उन्हाळ्यातली नदी, मधेच कोरडी. तार अडली, फिरली, परत अडली. पाऊण तास गेला. मग ती पलीकडे गेली आणि त्या खोलीत एकदम सगळ्यांचे खांदे खाली आले. फुगा फुगला. दोन मिनिटं. फुगा मिटला.

“लल्ला रकिया,” डॉक्टर म्हणाले, “तुझा रेडिओ.”

तिने जेल लावलं आणि दांडा म्हाताऱ्याच्या पावलावर टेकवला. आधी खरखर. किंचित कलता केला. आणि मग आलं. दाराआडची कुजबुज गेली होती. हा आवाज भरतीचा होता, टेकडीखालच्या खडकांवर आपटून परत फिरणारा: धाप्-शू, धाप्-शू, धाप्-शू. तिने आवाज पूर्ण मोठा केला. एक तंत्रज्ञ हसला, एकीने टाळी वाजवली आणि लगेच हात खाली घेतले.

“हे काय आहे?” बुशैबने विचारलं.

“तुम्ही,” रकिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डॉपलर पुसलं, डबीत ठेवलं आणि राजधानीहून आलेल्या नव्या मुलीला दिलं. दांडा कसा धरायचा ते दाखवलं. मुलीने विचारलं, ही नावाची पट्टी काढू का? रकिया म्हणाली, काढ की, तुझी लाव.

*

ड्रेसिंगची खोली होती तिथेच होती. वास तोच. पुढच्या महिन्यात एका मंगळवारी बुशैब आला, काठी टेकत, स्वतःच्या पायांनी. काळं बोट काढावं लागलं होतं. त्याच्या जागी गुलाबी मांस भरत आलं होतं. महजूबा मागून आली, हातात पावाची पुरचुंडी.

“चाकावर बसला काल,” तिने तक्रार केली. “सांगून ऐकतो का! चार लाथा मारल्या आणि मग खड्ड्यातून बाहेर यायला चार माणसं लागली.”

“पाच,” म्हातारा म्हणाला. “पाच लाथा. वाडगा झाला एक. वाकडा झाला, पण झाला.”

रकियाने पट्टी सोडली, जखम धुतली, नवी बांधली. म्हाताऱ्याने पाय काढून घेतला नाही.

“ऐकव ना. ते त्या दिवशीचं... समुद्राचं.”

“रेडिओ नाही माझ्याकडं, सी बुशैब. दिला.”

त्याने तिच्याकडे बघितलं. मग महजूबाकडे.  महजूबाने पुरचुंडी खिडकीत ठेवली आणि तिची गाठ पुन्हा नीट बांधत बसली.

“बोटं आहेत ना?” तो म्हणाला.

रकियाने हातमोजा काढला. दोन बोटं त्याच्या पावलाच्या उंचवट्यावर ठेवली, घोट्याच्या जरा खाली, जिथे वर्षभर तिला काहीच लागलं नव्हतं. दारात पुढचा रोगी येऊन उभा होता. तिने हात उचलला नाही. भिंतीवरचं घड्याळ तिच्या डोक्यावरच होतं, दवाखान्याचं, सरकारी टाइमवर. ती त्याच्याकडे न बघता ठोके मोजत राहिली.